साखरपुड्यासाठी हिरा घेताना



धाकट्या भावाचा साखरपुडा पुण्याला ठरला आणि "तू बहरीनला आहेस, अंगठी तूच आण" असा आईचा फोन आला. सोने कसे पारखून घ्यावे हे आपल्या घरांत सर्वांना थोडेफार कळते. हिऱ्याच्या बाबतीत मात्र सगळी भिस्त दुकानदाराच्या बोलण्यावर! माझीही तशीच होती. नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या साखरपुड्याचा 'व्हीव्हीएस' हिरा मी दुकानाच्याच छापील कार्डावर विसंबून घेतला. पुढे तपासला तेव्हा तो दोन पायऱ्या खालचा निघाला, शिवाय चमक पहिल्यापासूनच बेताची. म्हणून या खेपेस अमवाजच्या घरी चार रात्री बसून अभ्यास केला. तो सभासदांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

आधी एक घोटाळा दूर करू. सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचे १०० सेंट. बिलावर 'एकूण १ कॅरट' लिहिले असेल तर तो एक हिरा की चार लहान, हे विचारावे. चार लहान हिरे मिळून एका मोठ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असतात.

वजन, रंग, निर्दोषता आणि पैलू या चार गोष्टींवर भाव ठरतो. दुकानात पहिल्या तिन्हींवर भरपूर बोलतात, पण चमक येते ती पैलूंमुळे. वरून आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वरच बाहेर पडला पाहिजे. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ असल्याने हे सहज साधते, पण खालचा कोन बरोबर असेल तरच. मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ साली गोल हिऱ्यासाठी हे गणित मांडले : खालचा कोन ४०.७५ अंश, वरचा ३४.५ अंश. हिरा फार खोल किंवा फार उथळ झाला की प्रकाश खालून गळतो आणि मधोमध काळपट दिसते. माझ्या जुन्या हिऱ्याचे हेच झाले होते. तोळामासा वजन राखण्यासाठी कारागीर पोट जाड ठेवतात. आपण पैसे मोजतो त्या पोटाचे, जे कोंदणात दिसतही नाही.

एक कॅरटचा आकडा गाठला की दर कॅरटचा भावच वर उडी घेतो. चांगल्या पैलूंचा १ कॅरटचा गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर रुंद, तर ९० सेंटचा सुमारे ६.२. बोटावर हा फरक कोण ओळखणार?

रंगाची प्रतवारी डीपासून झेडपर्यंत. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर डी-ई साठी जादा पैसे घालू नयेत, एच-आय पुरतो. निर्दोषता दहापट भिंगाखाली ठरवतात. व्हीएस-२ पर्यंतचे दोष नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. हिरा शक्यतो सुटा पाहावा आणि मग बसवून घ्यावा. आजीच्या बंद कोंदणाच्या कुड्या सुंदर खऱ्या, पण आतल्या खड्याचा रंग त्यात कळत नाही.

प्रमाणपत्र विक्रेत्याचे नको, स्वतंत्र प्रयोगशाळेचे हवे. जीआयएच्या अहवालावर गोल हिऱ्याच्या पैलूंची प्रतही २००६ पासून दिली जाते. अहवालाचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा. हिऱ्याच्या कडेवर तोच क्रमांक लेसरने कोरलेला असल्यास दुकानातच भिंगातून पाहून घ्यावा. अहवाल खरा आणि हिरा दुसराच, असे व्हायला नको. आपल्याकडे मनामाच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये 'दानत' ही मोती व रत्ने तपासणारी संस्था २०१७ पासून आहे.

आता प्रयोगशाळेत बनवलेले हिरे. ते नकली नव्हेत, तोही कार्बनचाच स्फटिक. दुकानातल्या साध्या टेस्टर पेनला दोन्ही सारखेच. बहरीनमध्ये कल्चर्ड मोत्यांच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे, हिऱ्यांचे तसे नाही. तेव्हा 'नैसर्गिक' की 'लॅबमधला' हे बिलावर स्पष्ट लिहून घ्यावे. लॅबमधल्या हिऱ्यांचे भाव अलीकडच्या वर्षांत फार घसरले. हौसेला तो उत्तम, पण नैसर्गिकाच्या भावात घेतला तर फसलो. नैसर्गिक हिराही गुंतवणूक म्हणून घेऊ नये. विकायला गेलो तर सोन्यासारखा रोजचा जाहीर भाव नाही; खरेदीच्या मानाने बरेच कमी मिळतात, हे मी स्वतः विचारून आलो आहे.

आमचा अंदाज सातशे दिनारांचा. आईचा आग्रह पाऊण कॅरटचा, शेवटी अर्ध्या कॅरटवर तडजोड झाली : नैसर्गिक, एच रंग, व्हीएस-२, पैलू 'एक्सलंट'. हिरा सर्वांना लाभत नाही म्हणून आत्याने पत्रिका पाहायला सांगितले, ते काम आईकडे सोपवले आहे.

अंगठीचे माप मात्र नंबराने कळवू नका, भारतातले आणि इथले नंबर जुळत नाहीत. होणाऱ्या भावजयीची एक अंगठी तिच्या बहिणीने गुपचूप मोजली आणि आतला व्यास मिलिमीटरमध्ये कळवला.