समाधानी रुग्णाची वेदना
१८४६ साली बॉस्टन येथे ईथरची भूल देऊन जाहीरपणे शस्त्रक्रिया करण्यात आली. शस्त्र चालतानाची वेदना त्यामुळे टळली. भूल उतरल्यानंतरची मात्र उरलीच. ती मोजण्यासाठी रुग्णाला शून्य ते दहा यांपैकी एक अंक सांगावयास लावतात. शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे कल्पनेतील सर्वाधिक वेदना.

येथे एक विसंगती अनेक पाहण्यांत आढळली आहे. सात-आठ अंक सांगणारा रुग्णही ‘उपचारांबाबत आपण समाधानी आहात का?’ या प्रश्नाला ‘होय’ म्हणतो! कापल्यावर दुखणारच, अशी त्याची समजूत असते. परिचारिकेने आपुलकीने विचारपूस केलेली असते. अशा वेळी तक्रार करणे त्याला कृतघ्नपणाचे वाटते. त्यामुळे हे ‘होय’ वेदनाशमनाचा पुरावा ठरत नाही.

सोसण्याची थोरवी आपल्याकडे फार. परंतु पोटावर टाके असलेला रुग्ण वेदनेपायी खोल श्वास घेत नाही, खोकत नाही; छातीत कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो. हालचाल टाळल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून परिचारिका अंक विचारील तेव्हा निश्चल पडून उत्तर देऊ नये. टाक्यांवर उशी धरून एकदा खोकावे आणि त्या वेळी जाणवलेला अंक सांगावा.