‘मसल आहे, म्हणून क्रिएटिनिन जास्त’

सातारा भागातल्या एका व्यायामशाळेत मी वजनं उचलायला शिकवतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं येतात, पॉवरलिफ्टिंगची येतात, ‘श्री’ किताबाचं वेड घेतलेलीही येतात. रक्ततपासणीचा कागद दाखवताना त्यांच्यातला कुणी ना कुणी हमखास म्हणतो, “सर, मसल आहे ना, म्हणून क्रिएटिनिन जास्त आलंय.” हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या खऱ्या अर्ध्यानेच घात होतो.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे अंगावर मांस जास्त असेल, क्रिएटिन पावडर चालू असेल किंवा आदल्या दिवशी जबर व्यायाम झाला असेल, तर मूत्रपिंडं धडधाकट असूनही आकडा थोडा वर येतो. पण मूत्रपिंडं खराब व्हायला लागली तरी तोच आकडा वर येतो. नुसत्या त्या आकड्यावरून कारण ओळखता येत नाही.

माझ्याकडचा एक मुलगा बरेच महिने याच वाक्यावर विसंबून राहिला. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तो टेस्टोस्टेरॉन आणि नॅन्ड्रोलोन या स्टिरॉइडच्या सुया घेत होता, सोबत ‘डायना’ या स्टिरॉइडच्याच गोळ्या. हे मला नंतर कळलं. आधी दिसलं ते एवढंच, की मोजे काढले की घोट्यावर खोल वळ राहायचे आणि सकाळी डोळ्यांखाली सूज असायची. “पाणी धरलंय सर, उतरेल,” तो म्हणायचा. लघवीला फेस येतो, तो प्रोटीन पावडरचा, हेही त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. रक्तदाब मोजायला लावला, तर १७० वर ११०. वय पंचविशीच्या आतलं.

डॉक्टरांनी विचारलं, “काय काय घेतोस?” शेजारी वडील बसले होते. “फक्त प्रोटीन,” तो म्हणाला. डॉक्टरांनी वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली, तेव्हा सगळी नावं बाहेर आली. लघवीत प्रथिनं वाहून जात होती. बायोप्सीत निदान झालं : फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळण्यांवर पडलेले व्रण. एकेका मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. एकदा गेलेली गाळणी पुन्हा तयार होत नाही. राहिलेल्यांवर जादा भार पडतो आणि त्याही झिजत जातात. यात काहीही दुखत नाही, म्हणून मुलांना पत्ता लागत नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्या १० शरीरसौष्ठवपटूंची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या ९ जणांना हाच आजार होता. अतिलठ्ठ माणसांनाही तो होतो, पण या खेळाडूंची इजा त्यांच्याहून जास्त गंभीर होती. म्हणजे वाढलेल्या वजनाचा भार एवढंच कारण पुरत नाही. स्टिरॉइडचा गाळण्यांवर थेट परिणाम होत असावा, असा त्या डॉक्टरांचा निष्कर्ष होता. स्टिरॉइड सोडल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली किंवा स्थिरावली. एकाने पुन्हा सुरू केली आणि आजार उलटला.

स्टिरॉइडसोबत आणखी काही गोष्टी येतात. सांधे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक रोज गिळलं जातं. त्याने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. स्टेजवर ‘कट’ दिसावेत म्हणून पाणी तोडून लघवी काढणाऱ्या गोळ्या घेतल्या जातात. मोहम्मद बेनअझीझा हा नामवंत व्यावसायिक खेळाडू १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर काही तासांत गेला. अशा गोळ्या आणि शरीरातलं आटलेलं पाणी हेच त्यामागचं कारण मानलं जातं. स्नायू फार फाटले, तर त्यातलं मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकतं. म्हणून व्यायामानंतर लघवी चहाच्या काढ्यासारखी काळपट झाली, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

वजन उचलणं हा शत्रू नाही. नीट शिकून, पुरेसं पाणी पिऊन, हळूहळू वजन वाढवणाऱ्या निरोगी मुलाची मूत्रपिंडं त्याने बिघडत नाहीत. मी आजही डेडलिफ्ट शिकवतो. पण जे कुणी सुई घेत आहेत किंवा घेऊन बसले आहेत, त्यांनी पुढच्या गोष्टी कराव्यात.

क्रिएटिनिनवर वाद घालण्यापेक्षा लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाणाची तपासणी करा. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर बरं. जबर व्यायामाने हा आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून दोन दिवस विश्रांती घेऊन नमुना द्या आणि वाढलेला आला तर पुन्हा तपासा. रक्तातलं सिस्टॅटिन-सी मोजता येतं. ते स्नायूंवर क्रिएटिनिनइतकं अवलंबून नसतं. रक्तदाब नियमित मोजा.

स्टिरॉइड सोडताना डॉक्टरांची मदत घ्या. बाहेरून हार्मोन मिळत असल्याने शरीराने स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवलेलं असतं. सुई बंद होताच अंग गळतं, मन खचतं आणि त्या खचलेपणातच मुलं परत सुईकडे वळतात. यावर उपचार आहेत. आणि ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे. जिममध्ये बाटली हातात ठेवणाऱ्याला आत काय आहे, हे स्वतःलाही ठाऊक नसतं.

आईवडिलांना हात जोडून सांगतो : दवाखान्यात मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. रागावायचं असेल तर नंतर रागवा. आमच्या मुलाचा आजार कळला, तो त्या बंद दाराआड झालेल्या बोलण्यामुळे.

त्याने सगळं बंद केलं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, लघवीतली प्रथिनं खूप कमी झाली आहेत, पण पूर्ण थांबलेली नाहीत. डॉक्टरांच्या परवानगीने तो हलका व्यायाम करतो. आजार आणखी पुढे कळला असता, तर त्याच्यापुढे डायलिसिस उभं असतं. तुमच्या हातात आज तसा कागद असेल, तर ‘मसलमुळे’ हे कारण मला किंवा तुमच्या ट्रेनरला सांगत बसू नका. लघवी तपासा आणि घेतलेल्या प्रत्येक सुईचं, प्रत्येक गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा.