बाजारात सांगता तसंच मोबाईलवर लिहा



गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठल्याही गटाच्या बैठकीला गेले की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर दुकान उघडलंय. फोटो टाकलेत. पण लोक नुसतं बघतात, ऑर्डर कोणी देत नाही. काय लिहायचं ते तुम्हीच लिहून द्या ना."

या अंकातला पाठ त्यावरच आहे. पण मी लिहून देणार नाही. का, ते आधी सांगते. त्यात माझीच चूक आहे.

माझी चूक

सोलापूर जिल्ह्यातला आपला एक गट कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो. गटाच्या अध्यक्ष ताई माझ्या आईच्या वयाच्या आहेत. बाजारात बसून माल विकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू केलं, तेव्हा मला वाटलं, मी शिकलेली, लिहायचं काम माझं. रात्री बसून मी लिहिलं: "१००% सेंद्रिय! पारंपरिक चव! मधुमेहींसाठी वरदान! एकदा खाल तर पुन्हा पुन्हा मागाल!" फोटोही इंटरनेटवरून घेतला. केळीचं पान, पितळी ताट, शेजारी लोण्याचा गोळा.

पुण्याहून एका बाईंनी वडिलांसाठी चार पाकिटं मागवली. पार्सल पोचलं आणि त्यांचा मेसेज आला. फोटोतल्या भाकरी वेगळ्या, आलेल्या वेगळ्या. त्यातल्या निम्म्या मोडलेल्या. सेंद्रियचं प्रमाणपत्र आहे का? वडिलांना शुगर आहे, वरदान म्हणता तर दिवसाला किती खाल्ल्या तर चालतील?

एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्वारी निम्मी घरची, निम्मी बाजारातून घेतलेली. प्रमाणपत्र काहीच नाही. गटाने पैसे परत केले, जाण्यायेण्याचं कुरिअरही गटाच्याच अंगावर पडलं. ताई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, बाजारात मी असं बोलले नसते. गिऱ्हाईक पुढच्या बाजाराला परत येतं. त्याला तोंड दाखवायचं असतं."

ताईंनो, मोबाईलवरच्या दुकानाचा सगळा पाठ या एका वाक्यात आहे. पुढे जे सांगते, ते त्याचाच विस्तार समजा.

पायरी १ : आधी बोला, मग लिहा

पुढच्या बैठकीत मी ताईंना म्हटलं, समजा मी गिऱ्हाईक आहे. मला भाकरी विका. आणि मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. त्या म्हणाल्या: "ही ज्वारीची कडक भाकरी हाय. वर तीळ लावलेत. पातळ थापून तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर पार कडक करायची. पाण्याचा अंश ऱ्हात नाही म्हणून टिकती. दही-चटणीसंगं खा, न्हाईतर आमटीत चुरून खा. चटणी उखळात कुटलेली हाय, मिक्सरची न्हाई. कुटली की शेंगदाण्याचं तेल सुटतं, म्हणून ती अशी ओलसर दिसती."

बघा, यात एकही मोठा शब्द नाही. तरी ऐकताना तोंडाला पाणी सुटलं. मला रात्रभर बसून जे जमलं नाही, ते ताईंनी दोन मिनिटांत केलं.

तुम्हीही असंच करा. लिहायचा कंटाळा येत असेल तर मोबाईलच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं. भाषा मराठी निवडा, चिन्ह दाबा आणि बोला. शब्द आपोआप उमटतात. चुका होतात, त्या नंतर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून दुरुस्त करून घ्या. पण शब्द तुमचेच राहू द्या.

पायरी २ : गिऱ्हाइकाचे पाच प्रश्न

बाजारात गिऱ्हाईक माल हातात घेतं, वास घेतं, तुकडा तोडून खातं. मोबाईलवर यातलं काहीच करता येत नाही. म्हणून ते जे विचारेल, ते आधीच लिहून ठेवायचं:

१. हे काय आहे आणि कशापासून केलंय?
२. पाकिटात किती आहे? (वजन आणि नग दोन्ही)
३. किंमत किती आणि कुरिअर धरून किती?
४. किती दिवस टिकतं आणि कसं ठेवायचं?
५. मागवायचं कसं, पोचायला किती दिवस लागतात?

तिसऱ्या प्रश्नाला बरेच गट चुकतात. किंमत लिहीत नाहीत, "किमतीसाठी मेसेज करा" असं लिहितात. विचार करा, बाजारात तुम्ही भाव विचारला आणि बाईने सांगितलाच नाही, तर तुम्ही तिथे थांबाल का? किंमत लिहा. कुरिअर वेगळं असेल तर तेही स्पष्ट लिहा.

त्या गटाने ताईंच्या बोलण्यावरून जो मजकूर केला, तो असा:

"ज्वारीची कडक भाकरी, तीळ लावलेली. पाकिटात १० भाकरी. ज्वारी, तीळ, मीठ, बाकी काही नाही. हवाबंद डब्यात ठेवावी, डबा उघडल्यावर झाकण घट्ट लावावे. दही-चटणीबरोबर किंवा आमटीत चुरून खावी. भाकरी पातळ असल्याने प्रवासात दोन-तीन मोडू शकतात. चुरा टाकू नका, आमटीत छान लागतो. आम्ही दर मंगळवारी भाजतो आणि बुधवारी पार्सल पाठवतो."

शेवटची तीन-चार वाक्यं नीट वाचा. मोडण्याची गोष्ट आपणच आधी सांगितली. हे लिहायला गटातल्या बायका तयार नव्हत्या. "आपल्याच मालाची नालस्ती कशाला?" म्हणाल्या. पण हे लिहिल्यापासून मोडलेल्या भाकरीची तक्रार आली नाही. एका बाईंनी तर चुऱ्याच्या आमटीचा फोटो पाठवला.

पायरी ३ : हे शब्द लिहू नका

"सेंद्रिय": हा शब्द नियमाने बांधलेला आहे. सेंद्रिय अन्नपदार्थांसाठी २०१७ पासून वेगळे नियम आहेत. शेतकऱ्यांच्या गटाने मिळून प्रमाणपत्र घेण्याची पीजीएस-इंडिया नावाची पद्धतही आहे. कागद हातात असेल तर अभिमानाने लिहा. नसेल तर जे खरं आहे तेवढंच लिहा: "ज्वारी आमच्या गटातल्या सभासदांच्या शेतातली." तीही निम्मीच असेल तर तेही लिहू नका.

"मधुमेह बरा होतो", "बीपीवर रामबाण", "वजन घटवते": हे तर अजिबात नको. आजार बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे आणि त्याच्या यादीत मधुमेह आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाचं सोडा. कोणाच्या तरी वडिलांनी आपल्या शब्दावर विश्वास ठेवून पथ्य मोडलं तर? मला आजही त्या मेसेजची आठवण झाली की पोटात कालवतं.

गावाचं नाव: मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ज्वारी खरंच तिथली असेल तर नाव लावायची रीत विचारून घ्या. दुसरीकडची असेल तर ते नाव वापरू नका. तेच सोलापुरी चादरीचं, तेच वायगावच्या हळदीचं.

पायरी ४ : फोटो आपल्याच मालाचा

महागडा मोबाईल लागत नाही. सकाळी दारात किंवा खिडकीपाशी माल ठेवा, जिथे उजेड आहे पण थेट ऊन नाही. फ्लॅश बंद ठेवा. मोबाईलची काच पदराने पुसा. निम्मे फोटो त्यानेच सुधारतात! मागे खाट, चपला, वाळत घातलेले कपडे दिसू नयेत. एखादी स्वच्छ, एकरंगी साडी किंवा सतरंजी खाली अंथरली तरी पुरे.

प्रत्येक मालाचे चार फोटो काढा: पाकीट पुढून, पाकीट मागून म्हणजे लेबल वाचता येईल असं, माल उघडा करून जवळून, आणि हातात धरून. हातात धरल्याने आकार कळतो.

करतानाचा छोटा व्हिडिओ लोकांना फार आवडतो. उखळात चटणी कुटतानाचा आवाज ऐकला की वेगळं काही सांगावं लागत नाही. पण केस झाकलेले, हात स्वच्छ, जागा स्वच्छ हवी. आणि ज्या सभासदाचा चेहरा दिसतोय, तिला आधी विचारा. एखाद्या सुनेला नको असेल तर नुसते हात दाखवा. तिने कारण सांगायची गरज नाही.

पायरी ५ : पाकिटावर जे, तेच मोबाईलवर

पाकीटबंद मालासाठी २०११ चे वैध मापन नियम आहेत. मालाचं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे पाकिटावर तर हवंच, ऑनलाइन विकताना तिथेही दिसायला हवं. महिना-वर्ष पाकिटावर छापा. खाण्याचा पदार्थ असेल तर घटकांची यादी, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक. शेंगा चटणी विकणाऱ्या गटांनी "यात शेंगदाणे आहेत" हे ठळक लिहा. काही लोकांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते, ती जिवावर बेतू शकते.

किंमत वाढवली तर दोन्हीकडे बदला. पाकिटावर एक आणि मोबाईलवर एक, असं झालं की भांडण ठरलेलं.

पायरी ६ : रोज नको, पण नेमाने

काही गट पहिल्या आठवड्यात रोज दहा फोटो टाकतात, मग महिनाभर काहीच नाही. आठवड्याला तीन पुरे. एक दिवस माल करताना, एक दिवस खायची पद्धत, एक दिवस ऑर्डर कधीपर्यंत घेणार ते. सणाच्या आधी पंधरा दिवस जागे व्हा. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी लागते, तर तिचा फोटो संक्रांतीनंतर टाकून काय उपयोग?

स्टेटस २४ तासांनी जातं, म्हणून कायमची माहिती कॅटलॉगमध्येच ठेवा. ब्रॉडकास्ट मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी घाला: "आमचा नंबर या नावाने सेव्ह करा." आणि गिऱ्हाइकाचा पत्ता, फोन नंबर असलेल्या पार्सलचा फोटो स्टेटसला ठेवू नका. आपल्या घरचा पत्ता कोणी असा लावला तर आपल्याला चालेल का?

पायरी ७ : नंबर कोणाचा, खातं कोणाचं?

हे मी शेवटी ठेवलंय, पण सगळ्यात महत्त्वाचं आहे. दुसऱ्या एका गटाचं सगळं दुकान अध्यक्षांच्या पुतण्याच्या मोबाईलवर होतं. पोरगं गुणी, सगळं नीट करायचं. त्याला नोकरी लागली, तो गेला, आणि त्याच्याबरोबर नंबर गेला, पासवर्ड गेला, गिऱ्हाइकांची यादी गेली. गटाकडे राहिलं ते दोन पोती पापड.

म्हणून सिमकार्ड गटासाठी वेगळं घ्या आणि ते कोणाकडे राहील याचा ठराव प्रोसिडिंगला लिहा. क्यूआर कोड गटाच्या बँक खात्याचा असू द्या, कोणाच्या मुलाच्या किंवा मालकांच्या खात्याचा नको. व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांचा पिन लावा आणि तो किमान दोघींना माहीत असू द्या. हिशोब मासिक बैठकीत वाचून दाखवा.

आणि हे पाठ करा: पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. "मोठी ऑर्डर देतो, पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका" असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा

गटातली जी ताई बाजारात सगळ्यात छान विकते, तिला एका मालाबद्दल दोन मिनिटं बोलायला लावा. रेकॉर्ड करा. त्यातून पाच प्रश्नांची उत्तरं उतरवा. चार फोटो काढा. मग तो मजकूर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा आणि प्रत्येक वाक्याला विचारा: हे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगता येईल का? ज्या वाक्याला कोणी मान खाली घालेल, ते खोडून टाका.

त्या पुण्याच्या बाईंनी पुन्हा ऑर्डर दिलेली नाही. ताईंनी त्यांना नवा मजकूर पाठवला, झाली चूक कळवली. त्यांनी वाचलं, उत्तर आलं नाही. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत आणणं अवघड असतं, हे मीही यातून शिकले. पण ताई म्हणतात, "येतील. बाजार काय, दर आठवड्याला भरतो."

भेटूया तुमच्या गटाच्या बैठकीत. मजकूर तयार ठेवा, या वेळी मी फक्त ऐकणार आहे.

आपली,
क्षेत्र समन्वयक