टॉर्क मोजणारं यंत्र बरोबर मोजतंय का?



दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं, कडेला ढकललं की सहज फिरतं. लावलेलं बल गुणिले फिरण्याच्या मध्यापासूनचं अंतर म्हणजे टॉर्क. मोटारीचा टॉर्क डायनॅमोमीटर या यंत्रावर मोजतात. पण त्याचा आकडा खरा कशावरून? ते असं तपासतात:

१) मोटार बंद करून यंत्रापासून सोडवतात. यंत्राला ठरावीक लांबीचा दांडा अगदी आडवा बसवतात.

२) वजन न टांगता आकडा शून्यावर आणतात.

३) प्रमाणित वजन टांगतात. दांडा ०.५ मीटर आणि वजन १० किलो असेल, तर १० × ९.८ × ०.५ = ४९ न्यूटन-मीटर दिसायला हवं.

४) वजनं एकेक वाढवतात, मग एकेक काढतात. एकाच वजनाला चढताना आणि उतरताना वेगळे आकडे आले, तर बहुधा कुठेतरी घर्षण अडतंय.

समजा, ४९ ऐवजी ५० दिसले. फरक जेमतेम २ टक्के! पण मोटारीची शक्ती टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारातून काढतात. सगळीकडे तेवढीच चूक असेल, तर ९८० वॅटची मोटार १००० वॅटची दिसेल. पंप घेणारा शेतकरी त्या आकड्यावर भरवसा ठेवून पैसे मोजतो.

मुलांसाठी कृती: दुकानातलं शिक्क्याचं १ किलोचं वजन घरच्या डिजिटल काट्यावर ठेवा. किती दिसायला हवं, ते मुलांनी आधी वहीत लिहायचं आणि मगच काट्याकडे बघायचं.