मराठी पान नीट बसवायचं तर: सीएसएस आणि स्क्रिप्टचे सहा धडे

आपल्या मंडळात कविता लिहिणारे पुष्कळ आहेत, पण ती वेबपानावर नीट बसवणारे दोन-चारच. त्यांची संख्या वाढावी म्हणून हा धडा. सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी फाइल आणि जावास्क्रिप्ट म्हणजे पानाकडून काम करून घेणारी भाषा, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. नेटवरचे बहुतेक धडे इंग्रजी मजकूर समोर ठेवून लिहिलेले असतात. त्यातल्या युक्त्या देवनागरीवर तशाच लावल्या की अक्षरं फुटतात आणि शोधात नावं सापडत नाहीत.

अशी अडचण आपल्या भाषेनं पूर्वीही पाहिली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे हाताशी नव्हते. विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं, तेव्हा ते खिळे होते. आज युनिकोड फाँट फुकट मिळतात. ते नीट जुळवणं मात्र आपल्यालाच शिकावं लागेल.

(कोडमधले शब्द इथं उच्चाराप्रमाणे लिहिलेत. फाइलमध्ये ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे.)

१. पानाला त्याची भाषा सांगा

देवनागरी दिसली म्हणजे ब्राउझरला मराठी कळली, असं नाही. हिंदी, नेपाळी, संस्कृत यांचीही लिपी तीच. म्हणून पहिल्याच एचटीएमएल टॅगमध्ये ‘लँग’ लिहून त्यापुढे मराठीची खूण ‘एम-आर’ द्या. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीच्या ‘ल’ आणि ‘श’ची वळणं ठरवून दिली आहेत. ज्या फाँटमध्ये मराठी आणि हिंदी दोन्ही वळणं भरलेली असतात, तो ही खूण पाहून आपलं वळण काढतो. खूण नसेल तर हिंदी वळण येऊ शकतं. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट तर मराठी वळणांसाठीच वेगळा काढलेला आहे. शिवाय अंध वाचकाचा स्क्रीन-रीडरही कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचं हे याच खुणेवरून ठरवतो.

२. ओळींना श्वास द्या, अक्षरांना ताणू नका

आपल्या अक्षरावर वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. इंग्रजीला पुरणारी ओळीची उंची आपल्याला अपुरी पडते. ‘लाइन-हाइट’ १.६ ते १.८ ठेवा आणि तिला पिक्सेल लावू नका, नुसता आकडा लिहा. मग वाचकानं अक्षर मोठं केलं तरी ओळ त्या मापात वाढते.

इंग्रजी मथळा शोभावा म्हणून ‘लेटर-स्पेसिंग’ वाढवतात. मराठीत तेच केलं की शिरोरेघेचे तुकडे पडतात. ते शून्यच राहू द्या. तिरपी अक्षरंही टाळा. बहुतेक देवनागरी फाँटमध्ये तिरपं रूप नसतंच, ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून वाकवतो. जोर द्यायचा तर अक्षर ठळक करा.

३. कवितेच्या ओळी मोडू नका

प्रत्येक ओळीनंतर ‘बीआर’ टाकत बसायची गरज नाही. कवितेच्या चौकटीला ‘व्हाइट-स्पेस’ ही सूचना देऊन किंमत ‘प्री-लाइन’ ठेवा. तुम्ही एंटर दाबून तोडलेली ओळ तिथंच तुटेल. कवीनं सुरुवातीला मुद्दाम मोकळी जागा सोडली असेल तर ‘प्री-रॅप’ वापरा, म्हणजे ती जागाही टिकेल.

४. आपल्या जिल्ह्याचं पान

आदिलाबादमध्ये एकाच फलकावर मराठी, तेलुगू, उर्दू दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. भाषा मात्र पैनगंगेच्या दोन्ही काठांना मिसळलेल्याच आहेत. पानावरही त्या येणार, तर प्रत्येकीची खूण वेगळी द्या: तेलुगू उताऱ्याला ‘टी-ई’, उर्दूला ‘यू-आर’ आणि सोबत उजवीकडून डावीकडे ही दिशा. मग सीएसएसमध्ये ‘लँग’ निवडक वापरून प्रत्येक भाषेला तिचा फाँट आणि तिची ओळउंची देता येते.

आणि गोंडी? नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी हस्तलिखितांत सापडलेली गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोड ११ मध्ये आली. तिच्यासाठी नोटो मालिकेतला फाँटही आहे. आपल्याच जिल्ह्यातली ही लिपी आता चित्र म्हणून चिकटवायला नको, मजकूर म्हणून लिहिता येते.

५. नाव सापडलं पाहिजे

‘ॲग्नेस’ हे नाव घ्या. यातला ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये. त्याआधी लोक ‘अ’ टाइप करून वर चंद्र देत, आणि कित्येक कीबोर्ड आजही तसंच करतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण यंत्राला ते दोन निराळे शब्द. एका पद्धतीनं शोधलं की दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेली ॲग्नेस सापडतच नाही. ‘नॉर्मलाइज’ हे फंक्शनसुद्धा या दोघांना एक करत नाही.

‘दऱ्या’चंही तसंच. त्यातला अर्धा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलंत, दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह. हा अर्धा ‘र’ चुकला तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून थेट समुद्रात!

उपाय सोपा आहे. मजकूर साठवताना आणि शोधशब्द घेताना, दोन्ही वेळा ‘रिप्लेस-ऑल’नं एकच रूप ठरवून घ्या.

६. मोजणं आणि यादी लावणं

‘क्षितिज’ आपल्याला तीन अक्षरांचा शब्द. जावास्क्रिप्टची ‘लेंग्थ’ मात्र सात सांगते, कारण ती हलंत आणि वेलांट्याही सुट्या मोजते. पहिल्या दोनांवर कापलं तर नुसता ‘क्’ उरतो. म्हणून कवितेचा सारांश दाखवताना मोकळी जागा शोधून तिथंच कापा.

यादीचं दुखणं वेगळं. साधं ‘सॉर्ट’ युनिकोड क्रमांक पाहतं, म्हणून ‘ळ’ थेट ‘ल’च्या मागे जाऊन बसतो आणि ‘ॲ’ तर ‘ह’च्याही पुढे. हेमा, हॅरी सगळे संपले की मग ॲग्नेस! तुलनेसाठी ‘लोकेल-कंपेअर’ वापरा, त्याला ‘एम-आर’ सांगा आणि आपल्या यादीवर एकदा पडताळून पाहा. आकडे दाखवायला ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ला ‘एम-आर-आय-एन’ दिलं की १२,३४,५६७ असे आपले अंक, लाखाच्या स्वल्पविरामासह येतात.

पुढच्या बैठकीपर्यंतचा सराव: चार ओळींची स्वतःची कविता घ्या, शीर्षकात ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ असू द्या, खाली तिचा तेलुगू अर्थ लिहा. पान साध्या मोबाइलवर उघडा, अक्षर दुप्पट मोठं करा. शिरोरेघ अखंड आहे? उकार कापला जातोय का? मग तोच शब्द शेजारच्या मित्राच्या फोनवरून टाइप करून शोधा. सापडला, तर तुमचं पान अंकात घ्यायला तयार आहे.