वाट बदलण्याचें धैर्य

वाचन : उत्पत्ति १२:१-९

मनुष्य एका वाटेनें बरींच वर्षें चालला म्हणजे ती सोडणें त्यास जड जातें. लोक काय म्हणतील, पोट कसें भरेल, व आजवरचे श्रम वाया जातील काय, ह्या तीन भीती त्याचे पाय धरितात. ह्या आठवड्याच्या पाठासाठीं आम्ही पंडिता रमाबाईंच्या चरित्रांतील एक प्रसंग वाचकांपुढें ठेवितों.

रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन काढिलें व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. उच्च वर्णांतील विधवांस शिक्षण द्यावें हा त्याचा हेतु होता. अमेरिकेंतील हितचिंतकांनीं १० वर्षें खर्च चालविण्याचें वचन दिलें होतें. १८९३ सालीं धर्माच्या कारणावरून पुण्यांत मोठा वाद उठला. सल्लागार पुढाऱ्यांनीं अंग काढून घेतलें, व पालकांनीं पुष्कळ मुली परत नेल्या. तरी सदन टिकलें.

पुढें १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. बाईंस भूक केवळ ऐकून ठाऊक नव्हती. त्यांचे आईबाप १८७४ सालीं उपासमारींतच वारले होते. त्या स्वतः तिकडे गेल्या व नाना जातींच्या निराधार मुली घेऊन आल्या. अमेरिकेचें वचन शारदासदनापुरतें होतें. ह्या मुलींच्या भाकरीविषयीं कोणीं कांहीं लिहून दिलें नव्हतें. इतक्यांत पुण्यांत प्लेग आला, व नव्या मुलींस शहरांत ठेवणें अशक्य झालें. तेव्हां केडगांवच्या शेतांत त्यांची सोय करण्यांत आली. तेंच पुढें मुक्तिसदन झालें.

ह्यावरून तीन गोष्टी शिकावयाच्या.

पहिली : लोकनिंदा सोसवते. १८९३ सालीं ती बाईंवर येऊन गेली होती. तिनें काम थांबलें नाहीं.

दुसरी : विश्वास म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. केडगांवची जमीन सदनास उत्पन्न व्हावें म्हणून आधींच घेतलेली होती. प्रार्थनेबरोबर तजवीजही होती.

तिसरी : पूर्वींचे श्रम वाया जात नाहींत. शारदासदन बंद पडलें नाहीं. तेथें शिकलेल्या स्त्रियाच नव्या मुलींस शिकवूं लागल्या.

आमच्या मंडळ्यांत कोणी दारू सोडूं पाहतो, कोणी मुलीचें लग्न लांबवून तिला शाळेंत ठेवूं पाहतो, कोणी अन्यायाची मिळकत टाकूं पाहतो. पण भीति जाईल तेव्हां निघूं असें म्हणून बसून राहतो. अब्राम हारानांतून निघाला तेव्हां ७५ वर्षांचा होता, व पुढचा देश त्यानें पाहिला नव्हता. भीति निघण्यापूर्वीं जात नाहीं. चालतां चालतां ती मागें पडते.

उपदेशकांनीं मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
१. वरील तीन भीतींपैकीं आपल्याला कोणती धरून आहे?
२. नव्या वाटेसाठीं आपण कोणती तजवीज आजच करूं शकतों?
३. आपल्या मंडळींत कोणी वाट बदलूं पाहत असेल, तर आपण त्यास हात देतों कीं नांवें ठेवितों?