शरीरासारखे मऊ, शरीरासारखे चिवट

इंजेक्शन देण्यास शिकणाऱ्या परिचारिकेची पहिली सुई कोठे टोचली जावी? जखम शिवण्यास शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला टाका कोणाच्या कातडीत पडावा? कोणतेही कौशल्य शिकताना प्रारंभी हात चुकतो. ती चूक रुग्णाच्या वाट्याला येऊ द्यावयाची नसेल, तर सरावासाठी शरीराऐवजी दुसरा पदार्थ हवा, आणि तो शरीरासारखाच दबणारा, ताणला जाणारा व सुईला तितकाच विरोध करणारा हवा. असे पदार्थ बनविणे ही आज विज्ञानाची एक स्वतंत्र शाखा झाली आहे.

परंपरा जुनी आहे

या विचाराचे मूळ आपल्याच देशात फार मागे सापडते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाचा आहे. योग्या म्हणजे सराव. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. भेदण्याचा सराव पाणी व चिखल भरलेल्या चामडी पिशव्यांवर. खरवडण्याचा ताणलेल्या केसाळ कातड्यावर. शीर वेधण्याचा मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. टाके घालण्याचा जाड कापडाच्या कडांवर व मऊ चामड्यावर करावा, असे तेथे सांगितले आहे. पट्टी बांधण्यासाठी तर कापडाची मनुष्याकृतीच सुचविली आहे. शरीराच्या प्रत्येक भागाचा गुण निराळा, म्हणून प्रत्येक क्रियेसाठी पदार्थही निराळा, हे तत्त्व त्यामागे स्पष्ट दिसते. परिचारिका अनेक वर्षे संत्र्यावर सुई टोचण्याचा सराव करीत आल्या, तो याच वाटेवरचा प्रकार होय.

फ्रान्समध्ये १७५९ साली राजा पंधराव्या लुईने मादाम द्यु कुद्रे या सुईणीवर खेड्यापाड्यांतील स्त्रियांना प्रसूतिशास्त्र शिकविण्याची जबाबदारी सोपविली. कापड, चामडे व भरण यांपासून तयार केलेली मातेच्या कटिभागाची व बालकाची प्रतिकृती बरोबर घेऊन त्या अनेक वर्षे प्रांतोप्रांती हिंडल्या. ज्या स्त्रियांना वाचता येत नव्हते, त्यांचे हात त्या प्रतिकृतीने शिकविले. तिचा एक नमुना रूआँ येथील संग्रहालयात जतन केलेला आहे.

मऊपणाचे माप

‘मऊ’ हा शब्द व्यवहारात पुरेसा असला तरी शास्त्राला त्याचे माप लागते. पदार्थ ताणण्यास किंवा दाबण्यास किती बल लागते, हे ‘पास्कल’ या एककात मोजतात. शिथिल स्नायूसाठी हे माप साधारणपणे दहा हजार पास्कलच्या आसपास येते, तर पोलादासाठी ते सुमारे २०० अब्ज पास्कल असते. म्हणजे पोलाद स्नायूहून जवळजवळ दोन कोटी पटींनी ताठ! मेंदू स्नायूहूनही मऊ आणि सांध्यातील कूर्चा त्याहून पुष्कळच ताठ असते.

परंतु एका आकड्याने काम भागत नाही. हाताच्या मागील बाजूची कातडी चिमटीत धरून हळूच ओढून पाहावी. प्रथम ती सहज येते. नंतर एकाएकी ताठ होते. कातडीत कोलॅजेन या प्रथिनाचे नागमोडी तंतू असतात. नागमोड सरळ होईपर्यंत फारसा विरोध होत नाही; सैल कासरा ताणला जाताच जसा हाताला हिसका बसतो, तसा तंतू सरळ झाल्यावर विरोध वाढतो. दुसरा गुण काळाशी निगडित आहे. सुजलेल्या पायावर बोट दाबून काढले तर खळगा काही वेळ तसाच राहतो. निरोगी ऊतीही दाब काढताच रबरासारखी क्षणात पूर्ववत होत नाही, कारण तिच्यातील पाण्याला हलण्यास वेळ लागतो. ताठरपणा, ताणागणिक वाढणारा विरोध आणि सावकाश पूर्ववत होणे, हे तिन्ही गुण साधतील तेव्हाच नक्कल खरी ठरते.

आजचे पदार्थ

जिलेटिन हा यांतील जुना पदार्थ. तो स्वस्त आहे, पाण्याचे प्रमाण बदलून हवा तितका मऊ करता येतो. मात्र तो लवकर नासतो आणि आपल्याकडील उन्हाळ्यात वितळतो. सिलिकोन हे कृत्रिम रबर टिकाऊ असते व त्यात तेल मिसळून ते मऊ करता येते. त्यात जाळीदार कापड बसविले म्हणजे टाका ओढताना ते फाटत नाही. कोलॅजेनचे काम तेथे धागा करतो. त्याची उणीव अशी की, त्यातून ध्वनिलहरी शरीरातल्यापेक्षा बऱ्याच मंद गतीने जातात. त्यामुळे सोनोग्राफी शिकविण्यास ते तितकेसे उपयोगी नाही.

ही उणीव पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पदार्थाच्या जेलीने भरून निघते. त्याचे पाण्यातील द्रावण गोठवून पुन्हा वितळविले की, बर्फाच्या स्फटिकांमुळे लांब रेणू एकमेकांजवळ ढकलले जाऊन जागोजाग जखडले जातात व लवचीक जेली तयार होते. गोठविण्याच्या प्रत्येक आवर्तनाबरोबर ती अधिक ताठ होते. एकाच द्रावणापासून मऊ ऊतीची आणि तिच्याहून ताठ अशा रक्तवाहिनीची नक्कल अशा रीतीने करता येते. जेलीत पाणी भरपूर असल्याने ध्वनिलहरीही शरीरातल्यासारख्याच जातात. मात्र ती उघडी ठेवल्यास सुकते.

छातीवरील दाब

हा विषय केवळ वैद्यकीय महाविद्यालयांचा नाही. हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत १९६० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी व बाहुल्यांचे उत्पादक आस्मुंड लेर्दाल यांनी मऊ प्लॅस्टिकची ‘अॅन’ ही सरावाची बाहुली तयार केली. प्रौढ व्यक्तीची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर, परंतु ६ पेक्षा अधिक नाही, इतकी दाबावी लागते, आणि प्रत्येक वेळी ती पूर्ण वर येऊ द्यावी लागते. हे आकडे पाठ होतात. पण त्यासाठी किती जोर लावावा, हे केवळ हातालाच कळते. बाहुली फार मऊ असली तर शिकणारा प्रत्यक्ष प्रसंगी अपुरा दाब देईल. रक्तपुरवठा थांबल्यावर काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते आणि रुग्णवाहिका गावात पोचण्यास त्याहून अधिक वेळ लागू शकतो. त्या मिनिटांत जवळचा शिक्षक, तलाठी वा पंचायत सदस्य हाच आधार असतो.

म्हणून प्रशिक्षणाचे साहित्य खरेदी करताना केवळ रंगरूप पाहू नये. ते दाबून, ताणून, टोचून पाहावे. अनुभवी डॉक्टर किंवा परिचारिका यांच्या हाताचा अभिप्राय घ्यावा. उन्हाळ्यात आणि वारंवार वापरानंतर ते कसे राहील, याची चौकशी करावी. शाळांतून शिक्षकांना चायना ग्रासच्या कमी-अधिक घट्ट जेलीवर वजने ठेवून हा धडा अल्प खर्चात समजावून देता येईल.

कोणतीही प्रतिकृती जिवंत शरीराची बरोबरी करीत नाही. बाहुलीतील स्प्रिंग सर्वांसाठी सारखी असते. माणसांच्या छाती तशा नसतात. तथापि पहिली शंभर चुका रबरावर झाल्या, तर माणसाच्या अंगाला हात लावताना तो हात अजाण राहत नाही. सुश्रुतांनी विद्यार्थ्याच्या हाती प्रथम कोहळा दिला तो याच हेतूने.